तुमचं स्वतःचं पेन कुठाय?

घरात आत्ता या क्षणी किती पेनं आहेत, जरा मोजून बघा बरं. फ्रिजवरच्या टोपलीत दोन, कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीने बांधलेलं एक, मुलांच्या कंपासपेटीत चार-पाच, 'ह्यांच्या' खिशाला एक. त्यातली निम्मी उमटतच नाहीत, तो भाग वेगळा. आता सांगा, यातलं तुमचं कुठलं? म्हणजे दुसऱ्या कुणी उचललं तर "ए, ते माझंय हं!" असं तुम्ही म्हणाल, असं? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, "तसं काही नाही गं, जे हाताला लागेल ते." दुधाचा हिशेब, भिशीची वही, वाणसामानाची यादी, शाळेच्या डायरीतली चिठ्ठी... घरात सगळ्यात जास्त लिहिते ती, आणि तिच्या वाट्याला कुठल्याशा समारंभात फुकट मिळालेलं पेन!

म्हणून आज थोडं शाईच्या पेनाबद्दल. हो, तेच शाळेतलं, बोटं निळी करणारं. मराठीत त्याला 'झरणी' असा गोड शब्दही आहे, पण बोलण्यात तो काही रुळला नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, साठीच्या पुढच्या. बालवाडीत शिकवण्यात आयुष्य गेलं. आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या एका वहीत उतरवून काढत होत्या. पुढे अंगठ्याचा सांधा दुखायला लागला, आणि वही अर्ध्यावर थांबली. "आता कोण वाचणारे," म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवूनही दिली होती. त्या ओव्या दुसऱ्या कुणाला पाठ नाहीत, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा सोसायटीच्या कागदावर सही करायला मी त्यांना माझं शाईचं पेन दिलं. सही झाली तरी पेन हातातच. म्हणाल्या, "अगं, हे तर आपणहून चालतंय!" आठवड्याभरात त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःसाठी एक घेतलं. अंगठा दुखायचा थांबला असं मी मुळीच म्हणणार नाही. पण रोज एक पान होतं आणि ओव्यांची वही पुढे सरकते आहे.

यात जादू काही नाही. बॉलपेनच्या टोकाला बारीकशी गोळी असते आणि आतली शाई घट्ट असते. गोळी फिरायला हवी तर पेन दाबावंच लागतं. शाईच्या पेनाच्या निबेला मधोमध चीर असते आणि खाली काळी खाचांची पट्टी. दिव्याच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तशी शाई त्या खाचांतून निबेपर्यंत येते. निब कागदाला टेकली की झालं. उलट जोर दिला तर निबेचे दोन्ही पाय फाकतात आणि पेन कायमचं बिघडतं. वर्षानुवर्षं बॉलपेन वापरलेल्या हाताला हे कळायला थोडे दिवस लागतात, इतकंच.

"पण महाग असतं ना?" हा पुढचा प्रश्न. खरं तर आपल्याकडे स्वस्त आणि रोजच्या लिखाणाची परंपरा चांगली जुनी आहे. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली. तीच पुढे कॅम्लिन झाली. (२०११पासून तिची मोठी मालकी जपानच्या कोकुयोकडे आहे.) आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांनी स्वदेशी पेन तयार केलं, आणि ते वापरून पाहून १९३५ साली गांधीजींनी पत्रानं पसंती कळवली होती. सोनेरी टोपणाचं, निबेचं फक्त नाक बाहेर काढणारं चिनी 'हिरो' पेन तर कित्येकींनी वडिलांच्या खिशाला पाहिलं असेल. आजही परवडणाऱ्या किमतीत कॅम्लिन, पार्कर व्हेक्टर, जपानी प्लॅटिनम प्रेपी अशी रोज वापरता येतील अशी पेनं मिळतात. पायलट मेट्रोपॉलिटन, लॅमी सफारी ही त्यापुढची. सुरेख आहेत, पण पहिलं पेन म्हणून माझं मत त्यांना नाही. कारण सरळ आहे. महागाचं पेन आपण बायका 'जपून' ठेवतो. निवृत्तीला मिळालेला, मखमली डबीतला पेनसेट प्रत्येक घरात असतो आणि त्यातली शाई केव्हाच वाळलेली असते. जे हरवलं तर हळहळ वाटेल पण रात्रीची झोप उडणार नाही, ते रोजचं पेन.

किमतीपेक्षाही एक गोष्ट आधी विचारा, शाई भरायची कशी? इथंच खरा खर्च लपलेला असतो. काही पेनांत कार्ट्रिज लागतं, म्हणजे शाईची तयार नळी. सोयीचं, पण एका लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते पाऊण मिलीलीटरच्या जरा वर. शिवाय एका कंपनीचं दुसरीच्या पेनात बसेलच असं नाही. त्याच जागी कन्व्हर्टर बसवला, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी पिचकारी, की दौतीतली कुठलीही शाई चालते. साठ मिलीलीटरची एक दौत म्हणजे जवळजवळ ७५ कार्ट्रिज! हिशेब तुम्हीच करा, आपण त्यात पटाईत आहोत. तेव्हा दुकानात "याचा कन्व्हर्टर मिळतो का?" हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

तिसरा प्रकार आपला जुना, ड्रॉपरने शाई भरायची, सगळी दांडीच टाकी. एकदा भरलं की आठवडा-पंधरवडा बघायला नको. त्याची एकच खोड. शाई अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मग वहीवर टपकन थेंब. "गळकं पेन" म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो, त्यातली बरीच पेनं गळकी नसतातच, फक्त रिकामी होत आलेली असतात. तिसरा हिस्सा उरला की भरून टाका. घरात टेबलावर राहणार असेल तर ड्रॉपरचं खुशाल घ्या. लोकलच्या गर्दीत पर्समधून न्यायचं असेल तर कन्व्हर्टरचं बरं.

निबेच्या बाबतीत आपली लिपी विसरू नका. एफ म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम, बी म्हणजे जाड. इंग्रजीत जाड निब झोकदार दिसते, पण देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार, 'क्ष'ची गाठ, 'ष'चं पोट असं सगळं चिमुकल्या जागेत असतं. जाड निबेने ती पोटं बुजून जातात. अक्षर लहान असेल तर एफ, ऐसपैस असेल तर एम. जपानी एफ ही युरोपातल्या एफपेक्षाही बारीक असते, हे लक्षात असू द्या. आणि स्वस्त निबेवर 'इरिडियम पॉइंट' असं कोरलेलं दिसलं तर भुलू नका. टोकाला कठीण धातूचा कण असतो हे खरं, पण त्यात हल्ली इरिडियम असतंच असं नाही. रोजच्या कामाला साधी स्टीलची निब उत्तम.

दुकानदार निब दौतीत बुडवून देतो आणि आपण 'श्री' काढून बघतो. बुडवलेली निब तर चालणारच! त्यावरून शाईचा ओघ कळत नाही. कळतं ते एवढंच, की निब खरखरते की घसरते. म्हणून 'श्री'वर थांबू नका. आडवा आठचा आकडा काढा, स्वतःचं पूर्ण नाव लिहा आणि वर एका दमात लांब शिरोरेघ ओढा. शिरोरेघेत निब अडली, तर ती मराठीला त्रासच देणार. निब उजेडात धरून चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत ना, तेही पाहा. हे सगळं दुकानदाराच्या गुळगुळीत पॅडवर नको, आपल्या वहीचं पान सोबत न्या. पातळ कागदावर शाई फुटते, मागच्या पानावर उतरते, आणि दोष मात्र पेनाला लागतो. काकूंच्या जुन्या वहीचं तसंच झालं. शेवटी त्यांनी एकाच बाजूला लिहायचं ठरवलं.

पेन हातात धरून दोन मिनिटं गप्पा मारा, दुकानदाराने बघितलं तर बघू दे. बारीक, चकचकीत धातूची दांडी ओल्या हातातून निसटते, आणि आपला हात दिवसातून कितीदा ओला असतो ते काय सांगायचं! अंगठा दुखणाऱ्यांना जरा जाडसर, हलकी दांडी मानवते. टोपण मागे लावून काहींना पेन शेपटाकडे जड वाटतं, तेही तपासा. पर्ससाठी फिरकीचं टोपण, ओट्याजवळच्या यादीसाठी खटकन लागणारं.

काही कामं मात्र याची नव्हेत. कार्बन घालून भरायचे फॉर्म बॉलपेननेच. साधी रॉयल ब्लू शाई पाण्याने पसरते, त्यामुळे चेक आणि महत्त्वाचे कागद तिने लिहू नका, त्याला पर्मनंट शाई. चित्रकलेची इंडिया इंक तर पेनात कधीच घालू नका. ती आत वाळली की निब आणि खाचा बंद.

निगा म्हणाल तर महिन्यातून एकदा, नाहीतर शाईचा रंग बदलताना, साध्या पाण्याने पेन धुवायचं. उकळतं पाणी नको, स्पिरिट नको. गावाला जाताना रिकामं करून जा. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर चार दिवसांतही शाई सुकते. निबेपाशी अडलं की टोक कोमट पाण्यात थोडा वेळ धरा, सहसा सुटतं. शाई भरायची ती ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून, आणि चांगल्या साडीत तर नाहीच. तरी सांडलीच तर लगेच गार पाण्याखाली धरा. गरम पाणी किंवा इस्त्री लागली की डाग पक्का बसतो. बोटावरचा दोन दिवसांत आपोआप जातो.