वेगाची शाळा

शाळेत ज्याप्रमाणे इयत्ता असतात, त्याप्रमाणे मोटारींच्या शर्यतींच्या जगातही इयत्ता असतात. लहान मुले प्रथम 'कार्ट' नावाची बुटकी, उघडी गाडी चालवावयास शिकतात. पुढे अंगी कसब आले, की पंधरा-सोळा वर्षांच्या वयात ती खऱ्या शर्यतीच्या मोटारीत बसतात. फॉर्म्युला ४, फॉर्म्युला ३, फॉर्म्युला २ अशा पायऱ्या चढत गेल्यावर सर्वांत वरची जी पायरी येते, ती फॉर्म्युला १ होय. खाली उभे असलेले चालक शेकड्यांनी मोजावे लागतात. वरच्या पायरीवर मात्र अवघ्या वीस-बावीस जणांना जागा मिळते.

'फॉर्म्युला' ह्या शब्दाचा येथील अर्थ 'नियमांचा संच' असा आहे. मोटारीचे वजन किती असावे, तिचे इंजिन केवढे असावे, तिची चाके कशी असावीत, हे सर्व ह्या नियमांनी ठरवून दिलेले असते. ह्या मोटारी आपण रस्त्यावर पाहतो तशा नसतात. त्यांत एकाच माणसापुरते आसन असते, डोक्यावर छप्पर नसते आणि चारही चाके उघडी, अंगाबाहेर असतात. चालक त्यांत बसतो असे म्हणण्यापेक्षा जवळजवळ पाठीवर निजतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्याच्या डोक्याभोवती टायटॅनियम ह्या बळकट धातूची एक कमान असते. अपघात झाला, तर हीच कमान त्याच्या मस्तकाचे रक्षण करते.

जगातील मोटारशर्यतींचे नियमन पॅरिस येथे १९०४ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ करतो. ह्या महासंघाच्या नावाने २०१९ साली फॉर्म्युला ३ ची एक नवी स्पर्धा सुरू झाली. २०१० पासून चालत आलेल्या 'जीपी ३' ह्या मालिकेची जागा तिने घेतली. आठ ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन, अशा एकंदर सोळा शर्यती ठरल्या होत्या. त्यांतील पहिल्या दोन ११ व १२ मे २०१९ रोजी, शनिवारी आणि रविवारी, स्पेन देशातील बार्सिलोना शहराजवळच्या शर्यतमार्गावर झाल्या. दहा संघ, प्रत्येक संघाचे तीन चालक, असे तीस तरुण तेथे जमले होते. त्यांतील पुष्कळांनी वयाची विशीही ओलांडली नव्हती. त्याच दोन दिवसांत तेथे फॉर्म्युला १ ची मोठी शर्यतही व्हावयाची होती. ज्या मार्गावर जगातील नामांकित चालक धावणार, त्याच मार्गावर ह्या मुलांना आपले कसब दाखवावयाचे होते.

ह्या स्पर्धेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. सर्वांच्या मोटारी एकसारख्या होत्या. त्यांचा सांगाडा इटलीतील डल्लारा ह्या कारखान्याचा, इंजिन फ्रान्समधील मेकाक्रोम ह्या कारखान्याचे आणि टायर पिरेल्लीचे. प्रत्येक इंजिनाला सहा सिलिंडर होते आणि त्याची शक्ती सुमारे ३८० अश्वशक्ती होती. त्यामुळे 'माझी मोटारच हलकी होती', ही सबब येथे चालण्यासारखी नव्हती. एकाच मापाची पाटी आणि एकच पेन्सिल सर्वांना दिली, म्हणजे कोणाचे अक्षर चांगले हे जसे कळते, तसाच हा प्रकार.

बार्सिलोनाचा मार्ग त्या वर्षी ४ किलोमीटर ६५५ मीटर लांबीचा होता आणि त्यावर सोळा वळणे होती. आरंभी सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. तो संपताच चालकाला अत्यंत वेगातून एकाएकी ब्रेक लावून उजवीकडे वळावे लागते. पुढचे तिसरे वळण तर इतके लांबलचक आहे, की मोटारीचा सारा भार पुष्कळ वेळ डाव्या बाजूच्या टायरांवर पडून राहतो. तेथे जो उतावळेपणा करतो, त्याचे टायर लवकर झिजतात आणि शर्यतीच्या अखेरीस तो मागे पडतो. म्हणून शहाणे चालक शर्यतीपूर्वी हा मार्ग पायी चालून पाहतात. कोठे चढ आहे, कोठे उतार आहे, कडेचे दगड कोठे उंच आहेत, हे सारे ते मनात टिपून ठेवतात. घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, त्यातलीच ही रीत आहे.

शुक्रवारचा दिवस तयारीचा व परीक्षेचा असतो. सरावासाठी सर्वांना अवघी पंचेचाळीस मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात मोटारीची रचना मार्गाशी जुळवून घ्यावी लागते. पंख किती तिरपे ठेवावेत, टायरांत हवा किती भरावी, ह्याविषयी चालक आणि संघाचे अभियंते सतत विचारविनिमय करीत असतात. त्यानंतर तीस मिनिटांची पात्रताफेरी होते. २०१९ साली ह्या अर्ध्या तासात जो सर्वांत कमी वेळात एक फेरी पूर्ण करी, तो शनिवारच्या शर्यतीत सर्वांच्या पुढे उभा राहत असे. बाकीचे आपापल्या वेळेनुसार त्याच्या मागे रांगेने उभे राहत. परंतु नव्या टायरांचा पूर्ण जोर थोड्याच फेऱ्या टिकतो. टायर थंड असताना जोर केला, तर मोटार घसरते. फार थांबून राहिले, तर समोर इतर मोटारींची गर्दी होते. म्हणून योग्य क्षण ओळखणे हेच खरे कौशल्य ठरते.

शनिवारी तीस मोटारी रांगेत उभ्या राहिल्या, म्हणजे वरच्या दिव्यांकडे सर्वांचे डोळे लागतात. एकामागून एक असे पाच तांबडे दिवे लागतात. क्षणभर सर्व स्तब्ध होते. मग पाचही दिवे एकदम मालवतात आणि तीस इंजिने एकाच वेळी गर्जना करून उठतात. दिवे मालवण्यापूर्वी जो हलेल त्याला शिक्षा होते; मालवल्यावर जो अर्धा क्षणही दचकेल, त्याच्या पुढे चार-पाच जण निघून जातात. पहिल्या वळणावर ही सारी झुंड एकदम पोहोचते, आणि तेथेच चालकाच्या धैर्याइतकीच त्याच्या विवेकाचीही कसोटी लागते.

त्या शनिवारी डेन्मार्कचा सतरा वर्षांचा क्रिश्चन लुंडगार्ड हा सर्वांच्या आधी अंतिम रेषेपार गेला. नव्या स्पर्धेची पहिलीच शर्यत आपण जिंकली, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. परंतु निकाल जाहीर झाला, तेव्हा विजेता म्हणून नाव आले ते रशियाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमनचे. लुंडगार्डने शर्यतीच्या मध्यंतरी एक नियम मोडला होता. त्याबद्दल त्याच्या वेळेत पाच सेकंद अधिक धरण्यात आले आणि तेवढ्याने हाती आलेला विजय निसटला.

हा नियम कोणता? शर्यत चालू असताना एखादी मोटार बंद पडली किंवा मार्गाबाहेर जाऊन अडकली, म्हणजे ती हलविण्यासाठी मार्शल मार्गाजवळ जातात. अशा वेळी 'आभासी सुरक्षा मोटार' हा इशारा देण्यात येतो. प्रत्यक्षात कोणतीही जादा मोटार मार्गावर येत नाही; फक्त सूचनाफलक झळकतात. त्यासरशी प्रत्येक चालकाने आपला वेग ठरावीक मर्यादेपर्यंत उतरवावयाचा असतो. मार्गाचे लहान लहान भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग निदान किती वेळात ओलांडावा, हे ठरलेले असते. त्याहून लवकर कोणी पुढे गेले, तर तो अपराध होतो. इतरांना ओलांडून पुढे जाण्यास तर पूर्ण बंदीच असते.

एवढी कडक शिस्त कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर जपानमधील सुझुका ह्या मार्गाशी निगडित आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी तेथे भर पावसात फॉर्म्युला १ ची शर्यत चालली होती. एक मोटार मार्गाबाहेर गेली होती आणि ती उचलण्यासाठी एक अवजड यंत्रगाडी आली होती. त्याच वळणावर फ्रान्सच्या ज्यूल्स बियांकी ह्या तरुण चालकाची मोटार घसरली आणि त्या यंत्रगाडीवर आदळली. पुढे नऊ महिने तो बेशुद्धावस्थेत होता आणि १७ जुलै २०१५ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्या अपघातानंतर २०१५ साली फॉर्म्युला १ मध्ये आभासी सुरक्षा मोटारीचा नियम लागू झाला आणि पुढे खालच्या पायऱ्यांवरही आला. अर्थात हा नियम केवळ कागदावरचा नाही. त्याच्या पाठीशी एका माणसाचा प्राण आहे. मार्गावर काम करणारा मार्शल कोणाच्या तरी घरी सुखरूप परत जावयाचा असतो. त्याच्या सुरक्षिततेपुढे कोणाच्याही विजयाची मातबरी नाही, हेच त्या पाच सेकंदांनी सांगितले.

रविवारच्या शर्यतीचा क्रम आणखी वेगळा होता. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे शनिवारी पहिले आठ आलेले चालक रविवारी उलट्या क्रमाने उभे राहत. म्हणजे आठवा आलेला सर्वांच्या पुढे आणि पहिला आलेला आठव्या जागी. मागून पुढे येण्याची कला चालकाला साधली आहे की नाही, हे त्यावरून कळे. ही दुसरी शर्यत जिंकली ती मुंबईच्या जेहान दारूवाला ह्या वीस वर्षांच्या तरुणाने. भारतातील होतकरू चालकांचा शोध घेण्यासाठी २०११ साली जी निवडस्पर्धा झाली, तीतून पुढे आलेल्या तिघांपैकी तो एक होता. कार्टपासून आरंभ करून, घरापासून हजारो मैल दूर युरोपात राहून, तो एकेक पायरी चढत आला होता. नव्या स्पर्धेच्या दुसऱ्याच शर्यतीत आपल्या देशाचे नाव विजेत्यांच्या यादीत लागले, ही अभिमानाची गोष्ट होय.

आता गुणांचा हिशेब पाहू. शनिवारच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्यास २५ गुण, दुसऱ्यास १८, तिसऱ्यास १५, असे उतरत उतरत दहाव्यास १ गुण मिळे. रविवारी पहिल्यास १५, दुसऱ्यास १२, तिसऱ्यास १० आणि आठव्यास १ गुण मिळे. पात्रताफेरीत पहिला येणाऱ्यास ४ आणि शर्यतीत सर्वांत वेगवान फेरी करणाऱ्यास २ गुण अधिक असत. मे महिन्यातील पहिल्या शर्यतीचे गुण आणि सप्टेंबरमधील शेवटच्या शर्यतीचे गुण ह्यांचे मोल एकच. 'आता नुसती सुरुवात आहे, पुढे पाहून घेऊ', असे म्हणणाऱ्याला हा हिशेब कधी क्षमा करीत नाही.

त्याचा प्रत्यय वर्षअखेरीस आला. सप्टेंबरमध्ये रशियातील सोची येथे सोळावी शर्यत संपली, तेव्हा श्वार्ट्झमन २१२ गुणांनी अजिंक्य ठरला. दुसरा क्रमांक न्यूझीलंडच्या मार्कस आर्मस्ट्राँगचा लागला; त्याचे गुण १५८ झाले. तिसरा जेहान दारूवाला. त्याचे गुण १५७. सोळा शर्यती, शेकडो फेऱ्या, हजारो वळणे. आणि दोघांत अंतर उरले ते फक्त एका गुणाचे! तो एक गुण बार्सिलोनाच्या पहिल्या शुक्रवारी गेला, की सोचीच्या शेवटच्या वळणावर, हे कोणासही सांगता यावयाचे नाही. तो कोठेही मिळाला असता, एवढेच खरे.

परंतु एका गुणाने मागे राहिलेला मनुष्य हरला, असे समजणे चुकीचे ठरेल. पुढच्याच वर्षी दारूवाला फॉर्म्युला २ च्या पायरीवर चढला आणि ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये त्याने शर्यत जिंकली. त्या पायरीवर विजय मिळविणारा तो पहिला भारतीय होय. पाच सेकंदांनी विजय गमावलेला लुंडगार्डही निराश होऊन बसला नाही. पुढे तो अमेरिकेतील 'इंडीकार' ह्या मोठ्या स्पर्धेत गेला आणि १६ जुलै २०२३ रोजी कॅनडातील टोरांटो येथे त्याने शर्यत जिंकली.

वेगाच्या ह्या शाळेत पुष्कळांना वाटते, की जो सर्वांत जोराने मोटार हाकील तोच श्रेष्ठ. पण तेथील पहिल्याच आठवड्याचा धडा निराळा आहे. केव्हा वेग वाढवावा हे सर्वांनाच कळते. केव्हा तो आवरावा, हे ज्याला कळते, तोच पुढच्या इयत्तेत जातो.