बफेलोचं स्टेडियम आणि जनतेचे ८५ कोटी डॉलर

अमेरिकन फुटबॉलमधल्या बफेलो बिल्स संघाचं नवं स्टेडियम न्यूयॉर्क राज्यातल्या ऑर्चर्ड पार्कमध्ये, १९७३ सालच्या जुन्या स्टेडियमसमोरच, रस्त्यापलीकडे बांधलं गेलं. मार्च २०२२ मध्ये करार जाहीर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज १४० कोटी डॉलर होता. त्यातले ६० कोटी राज्याचे आणि २५ कोटी एरी काउंटीचे. उरलेला भार संघ आणि एनएफएल ही फुटबॉल लीग यांच्यावर.

खर्च फुगला की सरकारचा खिसाही आणखी रिकामा होतो, असं अनेकांना वाटतं. इथे तसं झालं नाही. खर्च २०० कोटींच्या पुढे गेला, पण करारानुसार सगळी वाढ संघाच्या माथी पडली. हे कलम सरकारनं चांगलं लिहून घेतलं.

दुसरा समज जास्त फसवा आहे: राज्याचा बहुतेक वाटा कॅसिनोच्या पैशातून आला, तेव्हा करदात्याला झळ कुठे? सेनेका या मूलनिवासी राष्ट्राला २००२ च्या करारानुसार कॅसिनोच्या उत्पन्नातला हिस्सा राज्याला द्यायचा होता. २०१७ मध्ये त्यांनी तो थांबवला आणि वाद कोर्टात गेला. २०२२ मध्ये राज्यानं त्यांची बँक खाती गोठवली, तेव्हा ५६ कोटींहून अधिक डॉलर हाती आले. त्यातले ४१.८ कोटी स्टेडियमला देऊ, असं गव्हर्नर कॅथी होकल यांनी जाहीर केलं. सेनेका संतापले, आणि ते साहजिकच होतं. पण करदात्याच्या दृष्टीनं पाहा: तिजोरीत आलेला पैसा सरकारी पैसाच असतो. तो शाळांना देता आला असता, रस्त्यांना देता आला असता.

‘स्टेडियम राज्याच्या मालकीचं, म्हणजे कमाईही जनतेची’ हेही खरं नाही. सामन्यांचं उत्पन्न संघाला मिळतं आणि देखभालीला राज्य पैसे देतं. नियमित हंगामात घरच्या मैदानावर सामने होतात जेमतेम आठ-नऊ. त्यानं शहराची भरभराट होते, हे बहुतेक अर्थतज्ज्ञांना मान्य नाही. कुटुंबाचा करमणुकीवरचा खर्च तेवढाच राहतो. सिनेमा-हॉटेलातला पैसा तिकिटाकडे वळतो, इतकंच.

मात्र ‘पैसे दिले नाहीत तर संघ जाईल’ ही भीती पोकळ नव्हती. रॅम्स हा दुसरा संघ २०१६ मध्ये सेंट लुईस सोडून लॉस एंजेलिसला गेला, आणि त्याच्या रिकाम्या स्टेडियमचं कर्ज स्थानिक करदाते नंतरही फेडत राहिले. बिल्स आता ३० वर्षांच्या कराराने बांधले गेले आहेत. जनतेच्या पैशाच्या बदल्यात संघानं समाजोपयोगी कामांना दरवर्षी किमान ३० लाख डॉलर द्यायचे आहेत. ८५ कोटींपुढे ही रक्कम फारच तोकडी आहे. सरकारनं इथे आणखी ताणून धरायला हवं होतं.