मोमिनाबादचे सवार आणि अफसरुल्मुल्क

अंबाजोगाईत एखादे बुजुर्ग अजूनही बोलता बोलता 'मोमिनाबाद' म्हणून जातात. निजामाच्या काळचे हे नाव. इथे घोडदळाची छावणी होती, हे मात्र माझ्या वर्गातल्या मुलांना सांगावे लागते.

फौज 'हैदराबाद कंटिन्जेंट'ची. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अफसरांचा! त्याच खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. सवार शिलेदार पद्धतीचे: घोडा आणि हत्यार स्वतःचे, पगार सरकारचा. ज्याची ऐपत नसे तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर होई. घोडा आपला असला की माणूस स्वतःला निव्वळ नोकर समजत नाही. १८२७ मध्ये इथे दाढ्या उतरवण्याच्या हुकुमावरून सवार बिघडले आणि कर्नल डेव्हिस मारला गेला. खुनाचे समर्थन होत नाही, पण असा हुकूम काढणाऱ्याला आपली माणसे कळलीच नव्हती, असे मला वाटते.

या इज्जतदार माणसांची बढती मात्र रिसालदार, फार तर रिसालदार-मेजरपर्यंत. उभी हयात खोगिरावर काढून शेवटी काल विलायतेहून आलेल्या पोराचा हुकूम ऐकायचा.

औरंगाबादेत १८५२ मध्ये जन्मलेले मिर्झा मुहम्मद अली बेग याच कंटिन्जेंटच्या घोडदळात होते. तिथेच राहिले असते, तर रिसालदारीवरच पेन्शन घेतली असती. पण सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना हैदराबादेत आपल्या पदरी घेतले. निजामाची स्वतःची फौज वेगळी होती. तिथे ते गोवळकोंडा लान्सर्सचे प्रमुख झाले, पुढे साऱ्या नियमित फौजेचे सेनापती. अफसर जंग, अफसरुद्दौला, अफसरुल्मुल्क असे खिताब वाढत गेले. १९०० मध्ये ते इंग्रजांबरोबर चीनच्या मोहिमेवर गेले आणि साठी उलटल्यावर पहिल्या महायुद्धात फ्रान्सला. इंग्रजांनी त्यांना 'सर' केले. खुद्द इंग्रजी फौजेत हिंदी माणसांना गोऱ्यांच्या बरोबरीचे कमिशन मिळू लागले ते १९१७ नंतर, तेही हातावर मोजण्याइतक्यांना. तोवर अफसरुल्मुल्क पासष्टीत पोचले होते.

कंटिन्जेंट १९०३ मध्ये हिंदी फौजेत मिसळली. तिच्या रिसाल्यांतून घडलेली डेक्कन हॉर्स आज भारतीय सैन्यात रणगाडे चालवते.

तुमच्या घरात पणजोबांच्या नावामागे रिसालदार किंवा जमादार लागत असेल, तर पेटीतले जुने उर्दू कागद रद्दीत घालू नका. वाचता येत नसतील तर गावातल्या उर्दू शाळेत घेऊन जा.