अर्धांगवायूनंतर पुन्हा पायावर उभे राहताना

कालपर्यंत खळ्यावर उभे राहून कामे सांगणारे आजोबा एका सकाळी उजवा हात उचलेनासे होतात, तोंड वाकडे होते, जीभ जड होते. इस्पितळातून घरी येतात ते बाजेवरच. शेजारीपाजारी म्हणतात, "आता देवाची मर्जी." पण आपल्या हातीही पुष्कळ असते. असा रुग्ण पुन्हा स्वतःच्या हाताने जेवावा, परसापर्यंत चालत जावा, यासाठी घरच्यांनी काय करावे ते आज आम्ही सांगणार आहोत.

मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीने अडला किंवा रक्तवाहिनी फुटली की अर्धांगवायू होतो. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून त्याला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु पाट बुजला की आपण बाजूने नवा चर काढतो, तसे मेंदूचे शाबूत भाग ते काम थोडेफार शिकून घेतात. हा चर पडतो तो रोजच्या सरावाने. पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, पुढे सावकाश. म्हणून कबुतराचे रक्त चोळण्यात हे मोलाचे दिवस दवडू नयेत. तेलाच्या मालिशने अंगाला बरे वाटते. पण चालणे येते ते चालण्याच्या प्रयत्नानेच.

प्रकृती स्थिर होताच डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी सुरू करावी. घरी पुढील गोष्टी सांभाळाव्यात:

१. रुग्ण अंथरुणात असेतो दर २ तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

२. नीट गिळता येते का हे आधी तपासून घ्यावे. निजवून कधीही भरवू नये. घास श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो.

३. लुळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो.

४. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव रोज करावा. एकाने अधू बाजूला उभे राहावे.

५. काठी चांगल्या हातात असावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

६. सदरा घालताना अधू हात आधी घालावा, काढताना चांगला हात आधी काढावा.

बोटांना काम हवे. पावटा सोलणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे ही घरची कामे उत्तम व्यायाम आहेत. चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड केला की पकड बसते. बोलता येत नसेल तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी. वाचा गेलेल्या कित्येकांना पाठ असलेली प्रार्थना व गीते मात्र म्हणता येतात. तेव्हा संध्याकाळच्या जपमाळेला त्यांना आपल्यात बसवून घ्यावे.

आपल्या घरांतून चूक होते ती मायेपोटी. सून भरवते, नातू पाणी आणून देतो, आणि म्हातारा माणूस दुबळाच राहतो. सदरा घालायला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. अडेल तेथेच हात द्यावा.

रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, तंबाखू सोडावी. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसताच तडक मोठ्या इस्पितळात न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते.

संत मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून, छप्पर उघडून प्रभूपुढे सोडतात. जाताना मात्र तो आपली बाज स्वतः उचलून नेतो. आपणही त्या चौघांसारखे खांदा द्यावा. पण त्याची बाज त्याला उचलता येईल, हे विसरू नये.