विश्लेषण : नाताळातले जर्मन ‘लेबकूखन’ आणि आपल्या डब्यातली दालचिनी

नाताळ जवळ आला की जर्मनीत मध आणि मसाल्यांच्या ‘लेबकूखन’ बिस्किटांना मोठी मागणी असते. त्यातले बहुतेक मसाले हिमायतनगरच्या किराणा दुकानातही मिळतात. मात्र ती घरी करण्याआधी दालचिनी कोणती वापरता, हे पाहायला हवे.

लेबकूखनमध्ये काय असते?

मध, पीठ, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा आणि दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, धणे, सुंठ असे मसाले. ‘एलिझन’ या उंची प्रकारात किमान २५ टक्के सुकामेवा लागतो आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. मध हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे ही बिस्किटे डब्यात बरेच दिवस मऊ राहतात.

न्यूरेंबर्गचे नाव का?

या शहराभोवतीच्या जंगलांत मध मुबलक होता आणि शहर मसाल्यांच्या व्यापारमार्गावर होते. मिरी, वेलची मलबारातून युरोपात जात. १६४३ मध्ये इथल्या लेबकूखन कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला. मराठवाडा केसर आंब्याला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे युरोपीय संरक्षण ‘न्यूरेंबर्ग लेबकूखन’ला १९९६ पासून आहे.

दालचिनीची चिंता कशासाठी?

स्वस्त ‘कॅशिया’ दालचिनीत कूमॅरिन हा घटक जास्त असतो. तो जास्त प्रमाणात रोज पोटात गेला, तर काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. २००६ मध्ये जर्मनीच्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने नाताळाच्या दालचिनी बिस्किटांबाबत सावध केले होते. तिच्या हिशेबाने १५ किलो वजनाच्या मुलाला दिवसाला अर्धा ग्रॅम, तर ६० किलोच्या प्रौढाला दोन ग्रॅम कॅशिया ही मर्यादा आहे. ती एखाद्या दिवशी ओलांडली म्हणून घाबरायचे कारण नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

ओळखायची कशी?

कॅशियाची साल जाड, कडक आणि एकपदरी असते. श्रीलंकेच्या दालचिनीत पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात. पूड झाल्यावर नजरेने फरक कळत नाही; म्हणून अख्खी साल आणून घरीच कुटावी. आणखी एक : एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.