लष्करी ट्रकचा सेल्फ उचलत नाही? आधी व्होल्ट कुठे हरवतात ते पाहा

लिलावात घेतलेला लष्करी ट्रक गॅरेजच्या दारात येतो, सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ आवाज करतो आणि गप्प बसतो. मग ठरलेला खर्च सुरू होतो. आधी नवी बॅटरी, नंतर सेल्फ खोलून रिवाइंडिंगला. आठवड्याने पाहावे तर ट्रक तिथेच. कल्याण-भिवंडी पट्ट्यातील आमच्या गॅरेजवाल्या बंधूंना आणि ट्रक घेणाऱ्या व्यापाऱ्यांना आम्ही एकच सांगू इच्छितो: अशा गाडीत सेल्फवर सर्वात शेवटी संशय घ्यावा. आधी केबल, सांधे आणि अर्थ तपासावा. ग्राहकाचे पैसेही वाचतात आणि गॅरेजचे नावही राहते.

लष्करी गाड्या कल्याणला नव्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात येथे मोठी लष्करी छावणी होती. त्याच कल्याण कॅम्पचे १९४९ साली उल्हासनगर झाले. पुढच्या काळातला सर्वांच्या ओळखीचा लष्करी ट्रक म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने तो जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ पासून बनू लागला, पुढे तेथील व्हेइकल फॅक्टरीत १९९६ पर्यंत बनत होता. त्याच्या मागोमाग स्टॅलियन आला.

या ट्रकांची वायरिंग साधारणपणे २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. जीप आणि टेम्पोवर हात बसलेल्या वायरमनची पहिली गफलत इथेच होते. टेपसाठी किंवा पंख्यासाठी १२ व्होल्ट हवे म्हणून तो दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतो. ती बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होते. चार्जिंग मात्र दोघींना मिळून एकच असते. त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांत दोन्ही जातात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा.

म्हणून मीटर प्रत्येक बॅटरीवर वेगवेगळे लावावे. चार्ज होऊन काही तास स्वस्थ राहिलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी रिकामी. दोघींची बेरीज ठीक दिसते म्हणून फसू नये.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. समजा ३०० अँपिअर ओढले आणि एखाद्या सांध्यात एक शतांश ओहम इतकाच अडथळा आहे. तेवढ्यानेही ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि ९०० वॅटची उष्णता होते. सेल्फ मारून झाल्यावर सांध्यांजवळ जपून हात नेऊन पाहावा, गरम लागेल तोच चोर. जुन्या उस्तादांची ही पद्धत मीटर नसतानाही कामाची आहे.

लष्करी ट्रकात असे सांधे का बिघडतात? एक तर रंग. वर्षानुवर्षे चॅसिसवर हिरव्या रंगाचे थर चढतात आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळलेली असते. दुसरे, निकाली निघाल्यावर गाडी उघड्यावर पावसाळे काढते. आणि इकडे आल्यावर खाडीची खारी, दमट हवा. इंजिन रबरी माउंटिंगवर असते, त्यामुळे इंजिन ते चॅसिस पट्टी तुटली की सेल्फचा करंट परत यायला धड रस्ताच उरत नाही.

तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि डिझेल बंद करण्याची दांडी ओढलेली असावी. मदतनीस सेल्फ मारत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावी. एक व्होल्टहून जास्त आले तर दोष अर्थच्या बाजूला आहे. तसेच दुसऱ्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत पाहावे. पिन खुंटावरच धरावी, क्लॅम्पवर नाही. अनेकदा व्होल्ट त्या दोघांच्या मधेच हरवतात. दोन बॅटऱ्यांना जोडणारी केबल आणि मेन स्विच विसरू नये. सेल्फ अजिबात आवाज करत नसेल तर हा मेन स्विच आणि रिले आधी पाहावा. पटापट टक्-टक् होत असेल तर व्होल्ट कमी पडत आहेत.

सांधा सापडला की खोलावा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावा, आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. केबल बदलायची तर तांब्याची जाड वेल्डिंग केबल घ्यावी; थिंबल पक्के दाबलेले असावे, हातोडीने चेपलेले नको. काम करताना अंगठी आणि घड्याळ काढावे, अर्थ आधी सोडावा व शेवटी जोडावा. मात्र कोणते टोक अर्थला आहे ते जुन्या गाडीत डोळ्यांनी पाहूनच ठरवावे. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

सेल्फच्या बोल्टपर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत असूनही तो मंद फिरत असेल आणि इंजिन जाम नसेल, तरच तो उतरवावा. तेव्हाही आधी कार्बन ब्रश आणि बुश पाहावेत. बुश झिजला की आर्मेचर घासू लागते. सरसकट रिवाइंडिंग करणे आम्हाला पटत नाही.

खरेदीबाबत एक सूचना. लिलावाचा माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतो. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांबाबतचे नियम १ एप्रिल २०२३ पासून कडक झाले आहेत. म्हणून बोली लावण्यापूर्वी तो लॉट रस्त्यावर चालवण्यासाठी विकला जात आहे की फक्त भंगारासाठी, हे कागदावर पाहावे आणि नोंदणी होईल का, हे कल्याणच्या आरटीओत विचारून घ्यावे.