आधी माइक, मग लाइट, कॅमेरा सगळ्यात शेवटी

आजचा भाग एका मेसेजवरून सुचलाय. लातूरच्या एका मैत्रिणीनं विचारलंय, "ताई, मी पोलीस भरतीच्या मुलांना गणित शिकवते. आता घरूनच व्हिडिओ सुरू करायचेत. ४५ हजारांचा मिररलेस कॅमेरा ईएमआयवर घेऊ का? मोबाईल आहे, पण त्यात प्रोफेशनल वाटत नाही." असे मेसेज दर महिन्याला येतात, आकडा तेवढा बदलतो.

माझं उत्तर आहे, नको. निदान आत्ता तरी नको. आणि हे मी काटकसर म्हणून सांगत नाहीये. तो कॅमेरा घेतला तरी व्हिडिओ 'घरगुती' वाटायचं मुख्य कारण तसंच राहणार आहे. ते कारण म्हणजे आवाज.

कसं ते बघा. तुम्ही खुर्चीत बसलाय, मोबाईल समोर ५ फुटांवर आहे. तुमचा आवाज मोबाईलच्या माइकपर्यंत दोन वाटांनी जातो. एक, तोंडातून थेट. दुसरा, भिंती, फरशी आणि छतावर आपटून. अंतर दुप्पट झालं की थेट आवाजाची तीव्रता चौथाई होते. आपटून आलेला आवाज मात्र खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच घुमत असतो. म्हणून लांबचा माइक तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. आता तोच माइक ७-८ इंचांवर आणा. अंतर आठपट कमी, म्हणजे थेट आवाज ६४ पट तीव्र. कानाला तो ६४ पट मोठा वाटत नाही हे खरं, पण घुमणं मागे पडतं आणि माणूस कानाजवळ बोलल्यासारखा वाटतो. आणि ४५ हजारांचा कॅमेरासुद्धा ५ फुटांवरच उभा राहणार ना! त्याचा माइकही तेवढाच लांब.

त्यामुळे पहिली खरेदी, कॉलरला लावायचा वायरचा माइक. हजार रुपयांच्या आसपास चांगला मिळतो. बोयाचा बीवाय-एम१ हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. त्याची वायर ६ मीटर असते, म्हणजे फळ्यापर्यंत जाऊन लिहिलं तरी पुरते. त्याच्या डबीवर एक स्विच आहे, तो मोबाईलसाठी वेगळ्या बाजूला आणि कॅमेऱ्यासाठी वेगळ्या बाजूला ठेवायचा असतो. निम्म्या लोकांची 'माइक चालत नाही' ही तक्रार तिथेच मिटते.

दुसरा माइक घेत असाल तर पिन बघा. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती मोबाईलची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. मोबाईलला गोल जॅकच नसेल तर टाइप-सीचा जोड लागतो, पण काही स्वस्त जोड फक्त गाणी ऐकायचे असतात, माइक घेतच नाहीत. दुकानदाराला 'यात माइक चालतो का' असं सरळ विचारा. काही मोबाईलमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजीसुद्धा चालू करावं लागतं. शेवटी एक परीक्षा. रेकॉर्डिंग चालू करून माइकवर नखानं हळूच टकटक करा. प्लेबॅकमध्ये टकटक जोरात आली तर माइक लागलाय. लांबून कुठेतरी आल्यासारखी वाटली तर मोबाईल अजून स्वतःच्याच माइकवर चालतोय.

वायरलेस घेऊ का? फिरत बोलायचं असेल तर घ्या. एका जागी बसून शिकवायचं असेल तर गरज नाही. चार-पाचशेच्या वायरलेस माइकमध्ये आवाज स्वच्छ करायचं बटण असतं, ते दाबलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. आणि ब्लूटूथ इअरबड्सवर रेकॉर्ड करू नका. त्यांचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा ते कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा होतो.

माइकनंतर खोली. आपल्याकडे घरात फरशी, प्लास्टरच्या भिंती, सामान कमी. घुमायला अगदी सोयीचं. बाजारातल्या त्या काळ्या फोमच्या चौकोनांवर खर्च करण्याआधी घरातल्या गोधड्या काढा. एक मोबाईलच्या मागे दोरीवर टांगा, म्हणजे तोंडातून निघालेला आवाज समोरच्या भिंतीवर आपटण्याआधी तिच्यात मुरेल. एक पायाखाली अंथरा. कपड्यांचं उघडं कपाट जवळ असेल तर आणखी उत्तम. पंखा बंद. कुकरची वेळ आईला आधीच विचारून ठेवा.

आता लाइट. मोबाईलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो. उजेड कमी पडला की तो चित्र ओढूनताणून उजळ करतो आणि मग चेहऱ्यावर दाणे येतात. भरपूर उजेड दिला तर तोच मोबाईल वेगळा वाटायला लागतो. फुकटचा लाइट म्हणजे खिडकी. ती पाठीमागे नको, तिरपी समोर हवी. थेट ऊन येत असेल तर पांढरी चादर लावा. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडली तर तिकडे पांढरा सनबोर्ड उभा करा, स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. सिनेमाच्या सेटवर याच कामाला वर्षानुवर्षं थर्माकोल वापरत आलेत.

पण क्लास संपवून रात्रीच शूट करणार असाल तर खिडकीचा काय उपयोग? मग स्टँडसकट एक सॉफ्टबॉक्स घ्या. साधे सेट दोन हजारांच्या आसपास मिळतात. खोक्यावर सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलंय का बघा, त्वचेचा रंग त्यावर ठरतो. लाइट डोळ्यांच्या थोडा वर आणि एका बाजूला ठेवा. रिंग लाइट मला स्वतःला आवडत नाही. चेहरा सपाट दिसतो आणि चष्मा असेल तर दोन्ही काचांत पांढऱ्या बांगड्या. गणितवाल्यांसाठी एक जादा गोष्ट, फळ्यावर चकाकी दिसली तर लाइट आणखी बाजूला किंवा वर सरकवा, ती कॅमेऱ्याच्या नजरेतून निघून जाईल.

रात्रीच्या शूटमध्ये व्हिडिओवर आडवे पट्टे सरकताना पाहिलेत? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात. मोबाईलच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये ही सोय असते. नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आहे, आयफोनवर आणि ठरावीक अँड्रॉइड मोबाईलवर चालतं.

ट्रायपॉडवर फार बोलत नाही. हलत नसेल तो चांगला. लेन्स डोळ्यांच्या रेषेत, मोबाईल चारेक फूट लांब, आणि सेल्फी नाही, मागचा कॅमेरा. जवळून वाइड लेन्सनं नाक मोठं दिसतं, म्हणून लांब ठेवून थोडा झूम करा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर हात हलला की चित्र उजळतं-काळवंडतं. १०८० पुरे. ४केमध्ये चौपट पिक्सेल असतात, आणि बघणारी मुलं एक-दीड जीबी डेटावर मोबाईलवर बघणार आहेत.

माइक, सॉफ्टबॉक्स, ट्रायपॉड मिळून चारेक हजार. ४५ हजार म्हणताना लोक कॅमेऱ्याचीच किंमत धरतात. जादा बॅटरी, वेगवान कार्ड, लेन्स आणि माइक वेगळा घ्यावा लागतोच. शिवाय बऱ्याच जुन्या मॉडेल्सना सलग अर्धा तासच रेकॉर्डिंगची मर्यादा असते. पाऊण तासाच्या तासिकेला ते कसं जमणार? तर मैत्रिणी, या चार हजारांत ३० व्हिडिओ काढ. त्यानंतरही मोबाईल कुठे अडवतोय हे तुला नेमकं सांगता आलं, तर कॅमेऱ्याचं बोलू. तोवर हप्ता नको.

घरात जुना मोबाईल पडून असेल तर तो फेकू नका. कॉलरचा माइक त्याला लावा, एअरप्लेन मोड टाका, रेकॉर्डर चालू करून खिशात ठेवा. नवा मोबाईल समोर फक्त चित्र घेईल. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचा आवाज आणि हात जुळल्याची फ्रेम एकावर एक ठेवली की दोन्ही जुळतात. आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा खोका उघडतानाच व्हिडिओ काढा, त्याच दिवशी दहा मिनिटं रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका. खरखर असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.